गाणं कुणाचं?

गायक इयन मॅथ्यूज स्वतः गाणी लिहितो, आणि चांगली लिहितो. तरी 1970 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्याच्या बँडचं गाणं, 'वुडस्टॉक', जोनी मिचेलचं होतं. ज्या वुडस्टॉक संगीत महोत्सवावर ते आहे, त्याला ती स्वतः गेलीच नव्हती. न पाहिलेल्या सोहळ्याचं गाणं, आणि गाणारा तिसराच! मग त्यातला 'मी' कोण?

आमच्या भजनी मंडळात हे कुणी विचारत नाही. तुकोबांचा आकांत बुवा खुशाल आपला म्हणून गातात. पण अल्बमवर माणसाचं नाव छापलेलं असतं, तिथे मी अडतो. त्यात मॅथ्यूजचं तर नावही एका जागी थांबलेलं नाही: मॅकडोनाल्डचा मॅथ्यूज झाला, पुढे इयनचं स्पेलिंगही बदललं.

त्याचा 1973 चा 'व्हॅली हाय' हा अल्बम ऐका. निर्माता मायकल नेस्मिथ, मागे अमेरिकी कंट्री ढंगाची पेडल स्टील गिटार, आणि गाणारा इंग्लंडमधल्या लिंकनशरचा. स्टीव्ह यंगचं 'सेव्हन ब्रिजेस रोड' त्याने अनेक सुरांच्या मेळात बांधलं. 1980 मध्ये ईगल्स या बँडने गायलं ते जवळपास याच बांधणीत. लोक ते ईगल्सचंच समजतात. कर्तेपण असं हातोहात जातं, आणि गाण्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते गाणाऱ्याच्या मानधनाचं, हेही खरंच.

मॅथ्यूजचा 1988 चा अल्बम 'वॉकिंग अ चेंजिंग लाइन' तर गीतकार ज्यूल्स शिअरच्या गाण्यांचाच. त्यातले सिंथेसायझर मला खटकतात. गळा मात्र, शब्द परके असूनही, सगळ्यात मोकळा तिथेच वाटतो.