वारस आणि रहिवासी

माणसाची करुणा बहुधा डोळ्यांवाटे जन्मते. जे दिसत नाही त्याच्याविषयी दया वाटणे कठीण. आणि ज्याला आपली गरजच नाही त्याच्याविषयी कर्तव्य मानणे त्याहून कठीण. खोल समुद्रतळावरील उष्णोदक विवरांभोवती राहणारे कृमी या दोन्ही अर्थांनी नीतिविचाराची कसोटी पाहतात.

१९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, अशा विवरांभोवतीची जीवसृष्टी प्रथम दृष्टीस पडली. तेथील नळीकृमींना ना तोंड, ना आतडे. त्यांच्या देहात वसलेले जीवाणू विवरातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून त्यांचे पोषण करतात. आपल्याला जे विष, ते तेथे अन्नाचे मूळ. हिंदी महासागरातील विवरांपाशीही शिंपले-गोगलगायींच्या संगतीत बारीक वलयी कृमी नांदतात.

या विवरांभोवती साचणाऱ्या थरांत तांबे, जस्त, सोने, चांदी असते. २०१६ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागरातील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात या खनिजांच्या शोधाचा हक्क मिळवला. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याचे ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आणि चेन्नईची सागरी तंत्रज्ञान संस्था यांनी सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील विवराचे छायाचित्र टिपले. पाहण्याची जिज्ञासा आणि घेण्याची इच्छा येथे एकाच जहाजातून निघाल्या.

राष्ट्रांच्या अधिकारक्षेत्रापलीकडील समुद्रतळाला १९८२ चा सागरी कायद्याचा करार ‘मानवजातीचा सामायिक वारसा’ म्हणतो. बलाढ्यांनी सारे गिळू नये, हा त्यामागील हेतू उदार आहे. परंतु वारस ठरला, रहिवाशाचे काय? जीवसृष्टीच्या रक्षणाची आज्ञा तोच करार देतो, हे खरे. मात्र ते रक्षण वारसाच्याच हाती. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व ज्या समाजाने कायद्यात उतरवले, त्याला मालक आणि राहणारा यांतील भेद नवा नाही. कुळाला निदान दावा लावता येत होता. कृमीला वाचाच नाही.

विवरे कालांतराने आपोआपच विझतात, असे कोणी म्हणेल. पण मर्त्य असणे ही मारण्याची परवानगी ठरली, तर माणसाचाही बचाव उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: धातू तर हवेतच, आणि जमिनीवरच्या खाणी माणसांना उठवतात. माणसाची गरज कदाचित श्रेष्ठ ठरेलही. मग तिला वारसा म्हणू नये; घेणे म्हणावे. वारसा हिशेब मागत नाही, घेणे मागते.

भूतयज्ञात कृमिकीटकांसाठीही घास बाजूला काढावा, असे आपल्या पूर्वजांनी सांगितले. तो घास मागणाऱ्यासाठी नव्हता. न मागणाऱ्यासाठी होता. समुद्रतळाचा काही भाग अस्पर्श ठेवणे, हे त्याच ऋणाचे आजचे रूप होय.