वेळापत्रकात धर्माचा तास नव्हता

वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे कुठलाही अभ्यासक्रम हाती आला की मी उद्दिष्टांची पानं उलटून थेट वेळापत्रकावर जाते. गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेचं वेळापत्रक तर मला पाठच आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यातले ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताई, सुतारकाम, शेती अशांपैकी एकाला. मातृभाषेला ४० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४०. समाज आणि विज्ञान मिळून ३०. कवायत १०, सुट्टी १०. (१० मिनिटांत अख्ख्या शाळेनं पाणी कसं प्यायचं, हे त्या थोर मंडळींना कुणी विचारलं नसावं.) शिकवायचं मातृभाषेतून. हिंदुस्थानी शाळेच्या पाचव्या-सहाव्या वर्षी. इंग्रजी नाही. आणि धर्माचा तास कुठेच नाही.

अभ्यासक्रम करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन होते. सभासदांत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला. ही काही धर्माशी फटकून राहणारी माणसं नव्हेत. मग धर्म वगळला का? आजकाल धर्म ज्या रीतीनं शिकवला जातो त्यातून एकोप्यापेक्षा भांडणंच होतात, असं कारण गांधीजींनी दिलं होतं. सगळ्या धर्मांत समान असलेली सत्यं मुलांना मिळावीत, पण ती पुस्तकातून नव्हे, शिक्षकाच्या रोजच्या वागण्यातून, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही पळवाट होती का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याला आधार विनोबांचाच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. त्यांत कर्म आणि विकर्म यांचा उलगडा आहे. बाहेरून हातानं होतं ते कर्म; त्यात आतून मन ओतलं जातं ते विकर्म. दोन्ही जुळली तरच काम माणसाला घडवतं, नाहीतर ती नुसती हमाली. मूलोद्योगाची सगळी मदार याच्यावर होती. मुलानं सूत कातायचं आणि प्रत्येक क्रिया अशीच का, तेही समजून घ्यायचं.

माझ्या चौथीच्या वर्गात मी सूत कातायच्या टकळ्या आणल्या होत्या. कापसाच्या पेळूतून तार ओढताना हात घाईत असला की तार तुटते, रेंगाळला की गाठाळ होते. तार ४ फुटांची, १६० तारांची एक लटी, ४ लट्यांची एक गुंडी. एका मुलीनं लटी झाली म्हणून सांगितलं. शेजारणीनं मोजली तर १५२ तारा. वर्गात हशा पिकला, मुलगी रडवेली झाली. मी म्हटलं, आठ कुठे गेल्या ते सांग. मग ती तिच्या वऱ्हाडीत, मोठ्या तपशिलानं सांगत बसली: तार दोनदा तुटली, मैत्रिणीशी बोलताना मोजणी चुकली, आणि शेवटच्या दोन-चार तर मनानंच धरल्या. त्या दहा मिनिटांत वजाबाकी झाली, मातृभाषेचा तास झाला, आणि सत्यावरचा धडाही झाला. तिला मी एकही सुविचार फळ्यावर लिहून दिला नव्हता.

योजनेवर आक्षेप होते आणि ते हलके नव्हते. मुलांच्या कामातून मास्तरांचा पगार निघावा ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहांना पटली नव्हती. मलाही पटत नाही; पगार सुतावर ठरला की मास्तर मुकादम होतो आणि विकर्माची वाट लागते. शिवाय सुताराच्या मुलाला सुतारकाम देऊन त्याला शिक्षण म्हणायचं, हा धोका आपल्या जातीच्या समाजात होताच. धर्माचा तास टाळून धर्माचं भांडण टळलं, असंही नाही. मध्य प्रांताच्या सरकारनं आपल्या शाळांना ‘विद्या मंदिर’ नाव दिलं आणि मुस्लिमांत नाराजी उठली. १९३८ च्या मुस्लिम लीगच्या पीरपूर अहवालात वर्धा योजनेवरही टीका आली.

आता आजचं पाहा. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, रान उठलं, आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. मीही विरोधातच होते. सहा वर्षांच्या लेकरावर तिसरी भाषा लादू नये, हे १९३७ च्या समितीलाही कळत होतं. पण आपण भांडतो ते भाषेच्या ४० मिनिटांसाठी. मूलोद्योगाचे ३ तास २० मिनिटं केव्हा गेले ते कळलंही नाही, आणि त्यांच्यासाठी एकही मोर्चा निघाला नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतं, हे चांगलंच आहे. गावच्या कारागिरांकडे जाऊन काम शिकायला मात्र सहावी ते आठवीत मिळून दप्तराविना १० दिवस.

मातृभाषेतून शिकवलेलंही पोरं पाठच करतात. पन्नास वह्या तपासा, एकच वाक्य पन्नास वेळा मराठीत भेटेल. ज्याच्या हातून काही घडलं नाही, त्याला स्वतःच्या भाषेत सांगायला तरी काय असणार? म्हणून पुढच्या पालकसभेत माध्यम कोणतं ते जरूर विचारा, आणि मुलांच्या हातांना आठवड्याला किती मिनिटं मिळतात, तेही वेळापत्रक मागवून घेऊन विचारा.