हुंकार कोण देणार?

‘गायचं तर गावं, बोलायचं तर बोलावं, हे मधलंच काय?’ अमेरिकेतल्या ‘ला डिस्प्यूट’ या बँडचा ‘रूम्स ऑफ द हाउस’ (२०१४) हा अल्बम ऐकून लातूरच्या एका संगीतशिक्षक मित्रानं विचारलं. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

गिटार-ड्रमचा कल्लोळ, गळा फाडून ओरडणं आणि मध्येच साधं बोलणं, ही पोस्ट-हार्डकोअरची रीत. इथं त्यातून एका जोडप्याच्या मोडत्या संसाराची गोष्ट उभी राहते. १९५६ साली मिशिगनमधल्या हडसनव्हिलवर आलेलं चक्रीवादळही तिच्यात आहे. शेवटी तर नुसतं बोलणं: एक माणूस घरातल्या वस्तू मांडून बसतो.

मी म्हटलं, मग गोंधळ काय असतो? माहूरच्या रेणुकेच्या नावानं नायक पद गातो आणि संबळ थांबवून आख्यान सांगतो. शाहीरही डफ थांबवून गद्यात शिरतो. मित्र म्हणाला, ‘तिथं सूर परत येतो.’

सूर परत आलाच पाहिजे का? गाणं भावना सांभाळतं, सांगणं तपशील सांभाळतं, असं माझं म्हणणं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट घ्या. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून किल्लारी-सास्तूरकडची गावं निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या, जवळपास दहा हजार माणसं गेली. कोण कुठल्या खोलीत निजलं होतं, हे सांगावंच लागतं. तिथं तान घेतली तर ते माणूसच हरवतं.

पण एवढ्यानं भागत नाही. तपशील पंचनाम्यातही असतो, आणि तो वाचून कुणाचा श्वास अडत नाही. गोंधळात नायकाशेजारी साथीदार असतो. तो विचारतो, हटकतो, दुजोरा देतो. शाहिरामागं झीलकरी ‘जी जी’ म्हणतात. गोष्ट पेलतो तो हा दुसरा. समोरून हुंकार आला नाही, तर दुःख सांगणारा माणूस अर्ध्यातच थांबतो. हार्डकोअरच्या मैफलीतही पुढची पोरं माइकवर झेपावून गायकाचे शब्द त्याच्यासोबत ओरडतात. झीलकरी तिथंही आहे. तो प्रेक्षकांत उभा असतो, इतकंच.

तेव्हा गायलं की बोललं, हा वादच मला आता दुय्यम वाटतो. किल्लारीचं आख्यान जो कुणी नव्यानं बांधेल, त्यानं चाल नंतर ठरवावी. हुंकार कोण देणार, ते आधी ठरवावं.