पिवळा काठ

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्या लागतात. त्यातल्या कुठल्याही नर्सरीत स्नेक प्लांटपाशी जरा रेंगाळा, तुम्हाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळेल : ‘न्या बिनधास्त, याला काहीच करावं लागत नाही.’ सांगणारा कौतुकानं सांगतो, घेणारा त्याच भरवशावर घेतो. मला मात्र ते वाक्य खुपतं. ज्याच्यासाठी काहीच करावं लागत नाही ते घरात आणायचं तरी कशाला?

झाडाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. तलवारीसारखी ताठ पानं, त्यांवर आडवे पट्टे आणि कडेला पिवळा काठ. बँकेत, दवाखान्यात, लिफ्टच्या दाराशी सगळीकडे ते उभं असतंच. निगाही दोन ओळींत संपते. माती पाणी धरून ठेवणारी नको, थोडी वाळू असलेली हवी. माती पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नको, पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून ठेवायची. हे झाड तहानेनं क्वचित मरतं, मरतं ते लाडानं. पुण्याची थंडी त्याला बाधत नाही.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त कृषी अधिकारी आहेत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांची नोकरी बहुतेक जळगावकडे, केळीच्या बागांत गेली. जिन्यातल्या कुंड्या बघून ते म्हणाले, ‘देवाला वाहायला फूल नाही, खायला फळ नाही. हे झाड नव्हे, फर्निचर.’

मी म्हणालो, फूल येतं की. मुळं कुंडीत दाटली की कधीतरी फिकट हिरवट-पांढऱ्या फुलांचा तुरा येतो, आणि रात्री त्याचा वासही सुटतो. पण असं उत्तर देणं म्हणजे आप्पांचा कायदा मान्य करून त्यात पळवाट शोधणं. झाडानं काहीतरी ‘द्यायला’ हवं, हे आपण कबूलच करून टाकतो.

नर्सरीवालेही याच कायद्याला शरण गेले आहेत. शोभा एवढ्यावर गिऱ्हाईक पैसे काढत नाही म्हणून ते सांगतात : हवा शुद्ध करतं, रात्री ऑक्सिजन देतं. पहिल्या दाव्यामागे नासाचा 1989 सालचा एक अभ्यास आहे. बी. सी. वुल्व्हर्टन यांनी बंद पेट्यांत झाडं ठेवून बेन्झीनसारख्या वायूंचं प्रमाण मोजलं होतं. पण आपण बंद पेटीत राहत नाही. 2019 मध्ये कमिंग्ज आणि वेअरिंग या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. खोलीतली हवा एरवी जेवढी आत-बाहेर होते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे खिडकी उघडलेली बरी. दुसरा दावा अर्धवट माहितीतून आला आहे. हे झाड पानांवरची रंध्रं रात्री उघडतं हे खरं, पण ती कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला. तो आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरायचा, म्हणजे भर उन्हात रंध्रं उघडून पाणी गमवावं लागत नाही. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. कोरड्या प्रदेशात तग धरायची ही युक्ती आपण आपल्या सेवेच्या खाती जमा करून टाकली.

उपयोगाचंच बोलायचं, तर या कुळानं ते कामही केलेलं आहे. याचा भारतीय भाऊबंद दोरखंडाच्या चिवट धाग्यासाठी ओळखला जायचा. मनुस्मृतीत क्षत्रियाची मेखला मूर्वेच्या धाग्याची सांगितली आहे. ती मूर्वा नेमकी कोणती यावर वैद्यांचं एकमत नाही, पण दावेदारांत हा भाऊबंद आहे. खुद्द कुंडीतलं झाड मात्र पश्चिम आफ्रिकेतलं, नायजेरिया-काँगोकडचं. गंमत अशी की त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते डेव्हिड प्रेन यांच्या 1903 सालच्या ‘बेंगॉल प्लांट्स’ या ग्रंथात. प्रेन कलकत्त्याजवळच्या शिवपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. आफ्रिकेतलं झाड जगापुढे नावानिशी आलं ते बंगालच्या वनस्पतींच्या यादीतून! आता शास्त्रज्ञांनी त्याला ड्रॅसिना या प्रजातीत नेऊन बसवलं आहे. नर्सरीत अजून ती बातमी पोचलेली नाही, आणि पोचून काही बिघडणारही नाही.

असो. वनस्पतींकडे बघताना मला एक भेद फार आवडतो : बियाण्यानं पुढे जाणाऱ्या आणि बेण्यानं पुढे जाणाऱ्या. बियाण्यात दरवेळी नवा डाव असतो. बेण्यात तोच जुना जीव पुढे सरकत राहतो. उसाची कांडी हे बेणं. स्नेक प्लांटही बेण्याचं. पानाचा तुकडा मातीत खोचला तरी काही महिन्यांत बुडाशी पिल्लू येतं. म्हणून माझं मत तयार होतं : हे झाड स्वयंपूर्ण आहे, त्याला माणसाची गरज नाही, आणि हीच त्याची ऐट.

पण हा भेद पिवळ्या काठापाशी अडतो. काठाच्या पानाचा तुकडा लावला तर येणारं पिल्लू काठाचं नसतं, साधं हिरवं असतं. कारण या झाडाच्या अंगात दोन प्रकारच्या पेशी थरांनी एकत्र नांदतात. काठातल्या पेशींत हरितद्रव्याची वानवा, आतल्या पेशी हिरव्या. पानाच्या तुकड्यातून नवं रोप उगवतं ते आतल्या हिरव्या पेशींतून. काठ टिकवायचा तर कुंडी उपडी करून, मातीखालचा आडवा कंद पिल्लासकट कापून वेगळा करावा लागतो. त्यातही कधीतरी कंदातून निव्वळ हिरवं पिल्लू वर येतं. हिरवेपणा जास्त, म्हणून वाढही जोमाची. ते वेळीच काढलं नाही तर तेच कुंडी व्यापतं.

म्हणजे काहीच केलं नाही तर झाड जगेल, काठ जाईल. रानात या पिवळ्या रेघेची बाजू घेणारं कुणी नसतं. ती आज जगभरच्या कुंड्यांत आहे, कारण कुणाच्या तरी नजरेत ती भरली, त्यानं त्या बाजूचा कंद वेगळा केला, आणि पुढे प्रत्येकानं तेच केलं. बेणं आपोआप पुढे जात नाही. कुठला तुकडा पुढे न्यायचा हे माणूस ठरवतो.

या वाटेनं गेलं की आप्पांचं ‘फर्निचर’ पटायला लागतं. काठाचा स्नेक प्लांट ही बऱ्याच अंशी माणसाच्या पसंतीनं टिकलेली वस्तू आहे. पण मग जळगावची केळी काय आहे? आपण खातो त्या केळीत बी नसतं. मुनवे, म्हणजे बुडाशी फुटणारी पिल्लं, काढून, पारखून लावायची माणसं नसती तर तीही आपल्या बळावर फार लांब गेली नसती. बागायतदार रोगट मुनवा बाजूला टाकतो, कुंडीवाला हिरवं पिल्लू काढतो. हात तेच. एकीकडे पोटासाठी चालतात, दुसरीकडे डोळ्यांसाठी. उपयोगाचं आणि शोभेचं ही विभागणी मला आता वरवरची वाटते. खरी विभागणी आहे ती माणसानं पुढे नेलेल्या गोष्टी आणि माणसावाचून चालणाऱ्या गोष्टी यांच्यात, आणि या हिशेबात हे झाड केळीच्या पंगतीला बसतं.

म्हणून ‘काहीच करावं लागत नाही’ ही जाहिरात मला झाडावर आणि माणसावरही अन्याय करणारी वाटते. तगून राहण्यापुरतं खरंच काही लागत नाही. पण जे बघून आपण ते झाड उचललं, ते पुढच्या कुंडीत न्यायला धारदार सुरी लागते, कापलेला कंद दोन दिवस सावलीत सुकू द्यायचा धीर लागतो, आणि जोमानं वाढणाऱ्या हिरव्या पिल्लाला नको म्हणायची तयारी लागते. शोभेच्या समर्थनासाठी ऑक्सिजन उसना आणायची गरज नाही. माणसं ती रेघ शतकभराहून जास्त काळ हातोहात पुढे देत आली आहेत, एवढं समर्थन तिला पुरेसं आहे.