रात्रीच्या जागेचा साक्षीदार कोण?

“रात्रभर गाढ झोपलो होतो,” असे आपण सकाळी सांगतो, ते खरे असते काय? वाचकहो, प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण जरा विचार करा. निरोगी माणूसही रात्रीतून अनेकदा काही सेकंदांपुरता जागा होतो. सुमारे दीड तासाचे झोपेचे एक आवर्तन संपते, माणूस कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपी जातो. जाग काही मिनिटे टिकली नाही तर तिची आठवण सहसा राहतच नाही. १९२९ साली हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने मेंदूतील विद्युत्-लहरींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पुढे कागदावरची ती रेघच झोपलेल्याच्या वतीने साक्ष देऊ लागली.

मग ती जाग कोणाची? जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६९४ साली मांडले की, ज्या कृत्याची जाणीव माणसाला उरली आहे तेवढेच त्याचे. हे मानले तर मध्यरात्री पांघरूण ओढणारा मी नव्हेच! मला हे पटत नाही. थंडी याच अंगाला वाजली, हात याच देहाचा पुढे झाला. मात्र रात्रभर अखंड पहारा देणारा आत्माही मला त्यात कुठे दिसत नाही. दिसते ती कारणांची साखळी : गारठा, जाग, हालचाल, पुन्हा झोप. अनात्मवाद समजून घ्यायला हे उदाहरण पुष्कळ ग्रंथांहून सोपे आहे.

आता व्यवहाराचे पाहू. झोपेत श्वास अडकण्याचा एक विकार आहे. घशाची वाट मिटते, प्राणवायू कमी पडतो, मेंदू दचकून जागा होतो आणि श्वास सुरू होतो. विकार तीव्र असलेल्या प्रौढ माणसाचा श्वास तासाला तीस किंवा अधिक वेळा थांबतो वा मंदावतो. सकाळी त्याला बहुधा काहीच आठवत नाही. टॉन्सिल वाढलेल्या मुलांतही हा विकार आढळतो. असा मुलगा वर्गात पेंगतो, नाही तर सारखी चुळबुळ करतो.

“रात्री झोपला नाहीस का रे?”

“झोपलो होतो, गुरुजी.”

तो खोटे बोलत नाही. पण त्याचे म्हणणे खरेही नाही. त्याला आळशी ठरवायला मात्र आम्हां शिक्षकांना एक मिनिट पुरते. त्यातून मुलगा आमच्या वस्तीतला असला, तर तो आळस त्याच्या जातीलाही चिकटवणारे महाभाग शाळाशाळांतून आहेत.

त्याच्या साक्षीवर निवाडा होत नसेल तर त्याच्या आईला विचारावे : मुलगा घोरतो का? तोंड उघडे ठेवून निजतो का? मध्येच श्वास थांबतो का? एका खोलीत सहा माणसे निजतात तिथे कोणीतरी हे पाहिलेले असतेच. पाहिले असेल तर मुलाचा घसा डॉक्टरला दाखवावा.