मृत्युगीतांचा निकष

मृत्यूविषयीच्या दोन गीतांत श्रेष्ठ कोणते, हे कसे ठरवावे? साहित्यिक मान्झोनीच्या पहिल्या स्मृतिदिनी, १८७४ मध्ये, व्हेर्दीने मृतांच्या मिस्साची आपली संगीतरचना मिलानच्या चर्चमध्ये सादर केली. तीत अंतिम न्यायदिनाचा थरकाप आहे. ढोलाच्या आघातांनी श्रोता हादरतो. १८८८ मध्ये पॅरिसला गायिल्या गेलेल्या फोरेच्या रचनेत तो भाग जवळजवळ वगळलेला आहे. तेथे चिरशांतीची याचना आहे. न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रेत तर वादक दफनभूमीकडे जाताना संथ स्तोत्रे वाजवितात आणि परतताना उल्हासाच्या चाली.

व्हेर्दीच्या भव्यतेने मोजले, तर फोरे फिका वाटेल. फोरेच्या शांततेने मोजले, तर न्यू ऑर्लिन्सचे वादक उथळ. हा न्याय नव्हे. कालच आपले मूल मातीला दिलेल्या मातेसमोर हे गीत गाता येईल का, एवढेच विचारावे. जे तिचे अश्रू घाईने पुसू पाहते, ते कितीही सुरेल असो, खोटे आहे. न्यू ऑर्लिन्सचे वादकदेखील आधी तिच्यासंगे संथ चालतात, मगच नाचतात.

लाझरसाला उठविणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला. आशेच्या गीतालाही त्या आसवांचा ओलावा हवा.