तापल्या वेळी

दुसऱ्याचा दोष केव्हा दाखवावा? कुर्ल्यास 1964 पासून बनू लागलेल्या, पुढे 'पद्मिनी' म्हणून प्रसिद्धीस आलेल्या फियाटपैकी एक जुनी गाडी आम्ही दुरुस्त करीत आहोत. दिग्गीच्या चढावर ती तापली. उतावीळपणे रेडिएटरचे झाकण उघडताच हात पोळला. दाबाखाली पाणी शंभर अंशांपुढेही उकळत नाही. दाब सुटताच उसळते. निवल्यावर पाहिले, तो नळ्या क्षाराने तुंबलेल्या. नुसते पाणी ओतून हा दोष जाता ना.

धाकटा बंधू संतापलेला असता आम्ही चारचौघांत त्याची चूक त्यास ऐकविली. अद्याप तो आमच्याशी बोलत नाही. चूक खरी होती, वेळ चुकली. आधी निवू द्यावे. मात्र निवले म्हणून सांगण्याचे टाळू नये.